जीव भांड्यात

रिकामं सॉसपॅन काट्यावर ठेवते,
खालचा स्क्रू फिरवत शून्यावर आणते
आणि नेटलला आत सोडते.
ती तेवढ्यात बाहेर, ब्रेडच्या डब्यामागे.
काटा मात्र थरथरत राहतो,
आत्ता इथे कुणीतरी होतं, असं सांगत.

चौथ्या खेपेला माशाच्या तेलाचं बोट चाटायला
ती थांबली, जेमतेम वाचता येईल एवढी.
सातशे चाळीस ग्रॅम.
जानेवारीत नऊशेच्या वर होती.
हिवाळ्याचा हिशेब एप्रिलला लागू नाही,
हे फेरेटचं अंग दरवर्षी सांगतं
आणि मी दरवर्षी विसरते.

नाव विल्फने ठेवलेलं, आमच्या गल्लीमागच्या
खाजऱ्या पाल्यावरून.
आता तीच खाजवतेय रात्रभर,
पिंजऱ्याची जाळी वाजते, आणि मी जागी.
फणीत सात सापडल्या. साबणाच्या पाण्यात बुडवल्या.
दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा.
एवढ्याशा अंगात रक्त ते किती,
आणि पिसवा काही मोजून पीत नाहीत.
हिरड्या बघितल्या : चहात दूध जास्त झाल्यासारख्या.

बार्न्झलीची नवी डॉक्टरीण, ओयेलारन,
खोटं बोलत नाही, हाच तिचा त्रास.
"ही कुपी मांजराची आहे, मिसेस थ्वेट्स.
हिला यातलं थोडंच. इतकंच."
सिरिंजवर पेनाने रेघ मारून दिली.
"बहुतेकींना काही होत नाही."
बहुतेकी. मग कागद पुढे केला,
त्यावर माझी सही.

विल्फने कधी सही केली नाही.
सत्त्याऐंशी साली कबुतरांच्या खुराड्यासाठी आणलेली
पांढरी पूड त्याने चिमटीने भुरभुरली,
पाव चिमूट, अंदाजे, खाणीतला माणूस,
अंदाजावर आयुष्यभर जिवंत राहिलेला.
सकाळी दोन पिल्लं ताठ.
तो काही बोलला नाही.
मला कळलं ते दाराशी टेकवलेल्या फावड्यावरून,
ओल्या मातीवरून.
नंतर सशांच्या शिकारीला निघताना
तो उरलेल्यांना खिशात घालायच्या आधी
हात धुवायचा. दोनदा.

हे सगळं मी कुठल्या पारड्यात टाकू?
इकडे पिसवा, तिकडे औषध,
मध्ये माझा हात, जो आता
चहाची बशीसुद्धा वाजवल्याशिवाय आणत नाही.
माझ्या स्वतःच्या गोळ्या दर महिन्याला
रक्त काढून, तपासून, बदलून देतात.
माझी तब्येत तोळामासा, तर माझ्यासाठी एवढं.
तिच्यासाठी एक रेघ, निळ्या पेनाची.

शेजारची तहमीना आली, तिने मान धरली.
मी केस बाजूला केले, कातडी दिसेपर्यंत.
माझा हात त्या एका क्षणी हलला नाही.
का, ते मला विचारू नका.

आणि मग नेटल झोपली.
फेरेट झोपतं तेव्हा पूर्ण झोपतं,
चाळीस वर्षं ठाऊक आहे मला हे.
तरी रात्री दोनला मी तिला उचललं
आणि ती दोन्ही बाजूंनी लोंबली,
दोरीवरच्या ओल्या मोज्यासारखी.
हाक मारली. गालावर फुंकर घातली.
काही नाही.
स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला,
तिला त्याच पॅनमध्ये ठेवलं,
दुसरं काय करायचं ते सुचेना म्हणून.
आता पळाली नाही. काटा स्थिर,
सातशे चाळीस, अगदी बरोबर,
आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचता आलेलं वजन.
त्या आकड्याकडे मी किती वेळ पाहत होते
ते घड्याळालाच माहीत.

मग तिने जांभई दिली.
गुलाबी, बारीक दातांची, कंटाळलेली,
आणि पॅनच्या कडेवर हनुवटी टेकवून
पुन्हा झोपली.

मी तिथेच स्टुलावर बसले.
विल्फच्या वहीत, कबुतरांच्या नोंदींखाली लिहिलं :
तारीख, वजन, रेघेइतकं.
पुढे "ठीक" लिहायला घेतलं,
आणि तेवढं उद्यावर ठेवलं.